पहिला बाक सोडणार नाही

आमच्या चर्चमधल्या बायका हल्ली मला म्हणतात, "ताई, सहनशीलता शिकावी तर तुमच्याकडून." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी आणि सहनशील? चाकणला आमच्या कंपनीत जाऊन विचारा एकदा. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनतात आणि शेवटच्या तपासणीच्या टेबलावर मी असते. पार्ट बरोबर असला तर हिरव्या पेटीत, नसला तर लाल पेटीत, आणि ज्याने तो बनवला त्याची माझ्या तोंडून पूजा. लाइनवरचे लोक मला मिरची म्हणतात. मी शिफ्टला आले की कुजबुज होते, "आली रे मिरची." मला ते ऐकू येतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडतंही.

तेव्हा सहनशीलता वगैरे काही नाही. जे झालं ते हट्टापायी झालं. माझ्या सासूबाईंची चर्चमधली पहिल्या बाकावरची जागा काढून घ्यायला लोक निघाले होते, आणि मी ती काढू दिली नाही. गोष्ट एवढीच आहे. पण ती सांगायची तर मी केलेलं एक लाजिरवाणं कामही सांगावं लागेल. सांगते, घाबरते की काय कोणाला.

सासूबाई नर्स होत्या. नगरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. ताठ कणा, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि नजर अशी की चादरीवरची सुरकुतीसुद्धा लाजून सरळ व्हावी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी पहिली पोळी त्यांनी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "ही कच्ची आहे. दुसरी कर." म्हणजे माझ्याआधी आमच्या घरात लाल पेटी त्यांनीच चालू केली होती. पहिली काही वर्षं आमचं अजिबात पटलं नाही. मग सासरे गेले, त्या रिटायर झाल्या आणि कासारवाडीला आमच्याकडे राहायला आल्या. आल्या त्या पहिल्याच रविवारी त्यांनी चर्चमध्ये बायकांच्या बाजूचा पहिला बाक धरला, खिडकीच्या कडेला. वीस वर्षांहून जास्त काळ ती जागा त्यांची. तिथे दुसरं कोणी बसायचं नाही.

चार वर्षांपूर्वी त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजारणीचं नाव, मग आपला नवरा गेलाय हेही. सकाळी चहा हातात दिला की विचारणार, "आज रविवार का गं?" नाही म्हटलं की मान डोलावणार, दोन घोट घेणार आणि परत, "आज रविवार का गं?" रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत हेच चालायचं.

दोन गोष्टी मात्र गेल्या नाहीत. एक, उपासनेची जुनी गीतं. सगळी कडवी तोंडपाठ. आणि दुसरी गोष्ट, सलाम. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणायची पद्धत आहे. आताच्या पोरांना इंग्रजीत काहीतरी म्हणायला आवडतं, पण जुनी माणसं सलामच करतात. आमच्या बिल्डिंगखाली एका मुसलमान भाईंचं दुचाकीचं गॅरेज आहे. सासूबाईंनी आल्या आल्या त्यांना सलाम ठोकला आणि ते आम्हाला आपल्यातलेच समजून बसले. ईदला त्यांची बायको शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन दारात हजर. आम्हीही गुपचूप खाल्ला. डिसेंबरात खिडकीत नाताळचा तारा लागलेला बघून भाई जिना चढून वर आले. "वहिनी, हे आधी सांगायचं ना!"

"का? शीरखुर्मा बंद का आता?" मी विचारलं.

"छे हो. पण मग आम्ही केक तरी हक्काने मागितला असता."

तेव्हापासून दरवर्षी पातेलं येतं आणि डबा जातो.

आता चर्चचं सांगते. सासूबाईंचं चित्त ठिकाणावर नसलं की त्या परत दवाखान्यात जायच्या. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, उपासनेला पांढरा झगा घालतात. एका रविवारी प्रवचन रंगात आलेलं असताना सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हळू बोला. पेशंट झोपलेत." आता खरं सांगायचं तर मागच्या चार बाकांवरचे दोघे-तिघे झोपले होतेच. सगळे हसले, पाळकसाहेबही हसले. पण पुढे पुढे ते दर रविवारी व्हायला लागलं. मध्येच गीत सुरू करायच्या. उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने सलाम करायच्या. त्यातून चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचकमिटीने उपासना मोबाईलवर लाइव्ह दाखवायला सुरुवात केलेली. परदेशात गेलेली पोरं बघतात म्हणे. माईक नेमका पहिल्या बाकासमोर, त्यामुळे सासूबाईंचा सलाम थेट दुबईला.

एका संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आले. वाकडला राहतात, मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, प्रेमाने सांगतो हं." आमच्या मंडळीत कोणी 'प्रेमाने सांगतो' म्हटलं की समजायचं, आता काहीतरी वाईट येणार.

"आजींना घरीच मोबाईलवर उपासना दाखवत जा. त्यांनाही त्रास नाही आणि मंडळीलाही शांती."

मग काय, सुटला माझ्या तोंडाचा पट्टा. "वीस वर्षं तुमच्या पोरांच्या तापात रात्री-अपरात्री ज्यांना बोलवून नेलंत, त्यांचा आज तुम्हाला आवाज होतो होय? तुमची शांती घाला मोबाईलमध्ये!" असं बरंच काही. पुडा त्यांच्या हातात परत कोंबला आणि दार लावलं. मोठा पराक्रम केल्यासारखी वळले, तर सासूबाई भिंतीला धरून उभ्या.

"मी काही चुकले का गं? मेट्रन रागावल्या का?"

माझा सगळा पराक्रम जागच्या जागी उतरला. ओरडले मी सेक्रेटरींवर, पण लागलं सासूबाईंना.

आमचे हे शांत माणूस. म्हणाले, "एखादा रविवार ठेवून बघ घरी. तुलाही जरा आराम." मी चिडले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण मी थकले होते हो. कासारवाडी ते चाकण रोजचा तो ट्रॅफिक, दिवसभर उभं राहणं आणि घरी आलं की परत तोच एक प्रश्न. मनाच्या एका कोपऱ्याला सेक्रेटरींचं म्हणणं पटलं होतं. ते लाजिरवाणं काम त्यातूनच झालं.

त्या रविवारी ह्यांना ओव्हरटाइम होता. सकाळी सासूबाईंनी चहा घेता घेता विचारलं, "आज रविवार का गं?"

"नाही, आई. सोमवार आहे," मी म्हणाले.

रोज पन्नासदा विचारायच्या आणि मी पन्नासदा खरं सांगायची. आणि ज्या एका दिवशी उत्तर 'हो' होतं, त्या दिवशी मी खोटं बोलले. त्यांच्यासमोर टीव्ही लावला, बाहेरून कुलूप घातलं आणि गेले. चर्चमध्ये पहिला बाक अर्धा रिकामा होता. गीतं म्हटली, डोळे मिटून प्रार्थना केली. बाहेर पडताना सेक्रेटरींनी मला बघून समाधानाने मान हलवली आणि मीही हलवली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

परत आले तर गॅरेजचं शटर बंद. रविवार म्हणजे गॅरेजच्या धंद्याचा दिवस, मला नवल वाटलं. जिना चढून वर गेले आणि बघते तर भाई आमच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसलेले, काळ्या हातांनी गुडघे धरून. आतून आवाज आला, "सलाम!"

"वालेकुम सलाम, अम्मा," भाईंनी दाराकडे बघून उत्तर दिलं.

मग मला बघून उठले. "अम्मा दार वाजवत होत्या. घाबरल्या होत्या. म्हटलं, आवाज देत बसावं." आणि निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दार उघडलं. सासूबाई दाराला खेटून खुर्चीत बसल्या होत्या. पांढरी साडी उलटी नेसलेली, चपला उलट-सुलट पायांत, मांडीवर गीतांचं पुस्तक. मला काय सांगायचं ते सांगा, डोकं गेलं असेल त्यांचं, पण रविवार त्यांना कळला होता.

मी खाली बसले आणि त्यांच्या मांडीत तोंड घालून रडले. "माफ करा, आई."

"कशाबद्दल गं?" त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. त्या विसरल्या होत्या. मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की आता सासूबाई पहिल्या बाकावरच बसणार, आणि तेही मी न ओरडता. कारण ओरडले की त्यांनाच लागतं. हे ठरवणं फार सोपं होतं, करणं महाकठीण. लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्ही सहनशीलता, ममता हे गुण घडाघडा पाठ म्हणून दाखवायचो आणि बक्षिसात पेन्सिल मिळवायचो. पेन्सिल मिळाली, गुण काही आला नव्हता. मी कंपनीच्या बसमध्ये प्रार्थना सुरू केली. मोशीच्या पुढे बस अडकतेच, ती माझी प्रार्थनेची वेळ. "प्रभू, आज घरी गेल्यावर माझं तोंड सांभाळ. माझ्याच्याने होत नाही." बास, एवढीच. पहिल्या आठवड्यात तीनदा ओरडले. दुसऱ्या आठवड्यात चारदा. म्हणजे प्रगती बघा.

शेवटी मी भाईंनाच विचारलं. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून त्यांना दिवसातून वीसदा सलाम करायच्या आणि भाई वीसही वेळा, स्पॅनर खाली ठेवून, वर बघून उत्तर द्यायचे. "तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"वहिनी, सलामचं उत्तर द्यावंच लागतं. आणि अम्मांसाठी तो पहिलाच असतो ना? मग आपणही पहिल्यांदाच द्यायचा."

मला चर्चमध्ये इतक्या प्रवचनांतून जे कळलं नाही ते ह्या माणसाने ग्रीस पुसता पुसता सांगितलं. मी पोळ्या लाटताना ते करून बघायला लागले. "आज रविवार का गं?" "नाही, आई, आज बुधवार." परत प्रश्न, परत पहिल्यासारखं उत्तर. कधी जमायचं, कधी दात आवळून. कंपनीतही त्याचा परिणाम झाला असावा, कारण एका ऑपरेटरला त्याचा पार्ट शांतपणे परत दिला तर तो घाबरून सुपरवायझरला म्हणाला, "मॅडमला बरं नाही, वाटतं."

आणि दर रविवारी आम्ही दोघी परत चर्चला जायला लागलो. पहिल्याच वेळी सेक्रेटरींनी मागे, चपलांच्या मांडणीपाशी, एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. "आजींना इथे मोकळं वाटेल."

"सलाम, भाऊ," मी म्हणाले, गोड हसले आणि सासूबाईंचा हात धरून सरळ पहिल्या बाकावर. पुढच्या रविवारी परत खुर्ची, परत सलाम, परत पहिला बाक. लोक बघायचे. बघू देत. भांडण केलं असतं तर दोन मिनिटांत त्यांनी मला 'भांडकुदळ' म्हणून मोकळं केलं असतं. हसून बसून राहणाऱ्या बाईचं काय करायचं ते कमिटीला कळेना. मला खुशाल हट्टी म्हणा, मी त्या बाकावर बसून असे किती हसरे दात आवळलेत ते माझं मला माहीत.

पण मनातला राग तसाच होता. त्याच सुमारास उपासनेत सांगितलं गेलं की सेक्रेटरींच्या पत्नी दवाखान्यात आहेत, मोठं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले आणि आत काहीच मागितलं नाही. मला काय त्याचं, असं वाटलं. अगदी स्पष्ट असंच.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून आमच्याकडे महिन्यातून एकदा असतो. माणसं ओळीने पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि पाळकसाहेब आधी भाकर देतात, मग ट्रेमधून बोटाएवढ्या काचेच्या ग्लासात काळ्या मनुकांचा रस. त्या दिवशी सेक्रेटरींनी मला व्हरांड्यातच गाठलं. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तरी बोलले तेच. "ताई, आज आजींना पुढे आणू नका. मागच्या वेळी ग्लास सांडला. आणि त्यांना आता समज कुठे आहे? भोजन समजून घ्यायचं असतं."

माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं! मोशीचा सगळा ट्रॅफिक आठवला. म्हणाले, "बरं, भाऊ. मग मीही घेणार नाही. मला तरी सगळं कुठे समजलंय?"

आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. एकेक ओळ उठून पुढे गेली आणि परत आली. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रभुभोजनाला बसून होते, आणि सासूबाईंचा हात हातात धरून आतल्या आत जळत होते. त्या भोजनाला त्यांना जागा नाही म्हणता? आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओकाऱ्या पुसलेल्या बाईला?

शेवटची ओळ पुरुषांची होती, त्यात सेक्रेटरी. भाकर देऊन झाली होती. पाळकसाहेबांनी ग्लासांचा ट्रे उचलला आणि सासूबाईंनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला. मला कळायच्या आत त्या उठल्या आणि ताठ चालीने कठड्यापर्यंत गेल्या. समोर पांढऱ्या झग्यातला डॉक्टर, त्याच्या हातात औषधाचे छोटे ग्लास, आणि ओळीने वाट बघणारे पेशंट. त्यांना दुसरं काय दिसणार?

"द्या, डॉक्टर. राउंड मी घेते," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केले.

पाळकसाहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ह्या मुलाला मी आजवर बुळा समजत होते, ते शब्द मी परत घेते. त्याने ट्रे त्यांच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी चालायला लागला.

हात एवढासुद्धा हलला नाही त्यांचा. "घ्या. सगळं प्यायचं. हं, शाब्बास." पुढचा. "घे बाळा, बरं वाटेल." पंचावन्न वर्षांचा माणूस, पण बाळासारखा प्यायला. असं करत करत त्या सेक्रेटरींपाशी आल्या. सेक्रेटरी उठायला लागले. सासूबाईंनी खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खाली बसवलं आणि कपाळाला हात लावला.

"ताप नाही. मग डोळे असे का? किती दिवस झोपला नाहीस?"

सेक्रेटरींनी वर बघितलं. आवाज अगदी लहान झाला होता. "पंधरा दिवस, सिस्टर."

"कोणी विचारलं नाही का तुला?"

त्यांनी मान हलवली. नाही. आणि ते रडायला लागले.

मी बाकावर होते. डोकं शाबूत, सगळी नावं, सगळे वार लक्षात असलेली मी. व्हरांड्यात ते सुजलेले डोळे मी बघितले होते. मीही विचारलं नव्हतं.

सासूबाईंनी त्यांना ग्लास दिला, पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि राउंड पुरा करायला वळल्या. ट्रेमध्ये थोडे ग्लास उरले होते. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला ओळखलं नाही.

"बाई, तुम्ही पेशंट की पेशंटबरोबर आलात?"

"पेशंटबरोबर."

"कोण आहे तुमचं?"

"सासू."

"त्रास देते?"

"देते," मी म्हणाले. रडत होते, पण खोटं बोलले नाही. "मीही दिलाय त्यांना."

"असू दे. पण एकटं ठेवून जाऊ नका, बाई. अशी माणसं फार घाबरतात. सांगत नाहीत." त्यांनी माझ्या हातात ग्लास दिला. "धीर धरा. प्या."

मी प्यायले. त्यांनी रिकामा ग्लास खिडकीच्या उजेडात धरून बघितला, मी सगळं संपवलंय ना ते तपासलं आणि ट्रेमध्ये ठेवला. पाळकसाहेबांनी ट्रे घेतला. उरलेल्यातला एक ग्लास त्यांनी सासूबाईंच्या ओठाला लावला, तो त्यांनी तोंड वाकडं न करता घेतला. मग त्या आपल्या जागेवर, पहिल्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसल्या. पदर सारखा केला. राउंड संपला होता. माझ्याकडे वळल्या आणि आता मला ओळखलं.

"आज रविवार का गं?"

समोर तो माईक चालू होता. दुबईपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणाले, "हो, आई. रविवार आहे."